एल सोर्दोसमोरचे नऊ फोटो

माझा साडू फिडेन्सिओ माएस्तास ढगांना भितो, हे आमच्या ला सिएनेगिता गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चर्चच्या सभागृहात, दवाखान्यात, पेंडीच्या दुकानात जिथे जिथे गावामागच्या सांग्रेच्या डोंगरांचे फोटो टांगलेत ते सगळे त्यानेच काढलेत, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. आणि त्यातला एकही फोटो ढगांशिवायचा नाही. निळ्या आकाशाचं त्याला वावडं आहे. "त्यात बघायचं काय," म्हणतो, "सगळं दिसतंच की."

भित्रा म्हणावा तर तो एकतीस वर्षं रस्त्यांच्या खात्यात होता. हिवाळ्यात खिंडीतला बर्फ उपसायचं यंत्र चालवायचा. त्या खिंडीत वरून बर्फाची अख्खी उतरण सुटून खाली येते, त्याच्या खात्यातले दोन जण तसेच गेले. फिडेन्सिओ मात्र थर्मासमधली कॉफी पीत, रेडिओ ऐकत ये-जा करायचा. त्याची भीती एकाच गोष्टीची. विजेची.

नऊ वर्षांचा असताना तो बापाबरोबर वर कुरणात होता. दुपारी आभाळ आलं, मेंढ्या एका धारेखाली गोळा झाल्या, आणि वीज पडली. त्रेचाळीस मेंढ्या जागच्या जागी मेल्या. हे तो मला एकदाच बोलला आहे, आमच्या अंगणात, बटाट्याच्या पोत्यावर बसून. म्हणाला, "ओनेसिमो, कुणाच्या अंगावर ओरखडा नव्हता. तोंडात गवत तसंच. आणि कुत्रा मधोमध उभा. हाक मारली तर येईना. बापाने उचलून आणला." त्याचा बाप तासभर जमिनीवरून उठू शकला नव्हता. त्याचे पायच चालेनात.

त्याच्या बायकोने, एलोइसाने, त्याला एकदा सरळ विचारलं होतं की एवढी भीती वाटते तर तिथे मरायला जातोस कशाला. एलोइसा माझ्या बायकोची थोरली बहीण, तिच्या प्रश्नाला उत्तर न देता सुटका नसते. तो म्हणाला, "पाठ केली की जास्त भीती वाटते."

त्याचे नियम होते. सकाळी अकराच्या आत, जिथून झाडं सुरू होतात त्या हद्दीखाली यायचं. वीज चमकली की मोजायचं, तीसच्या आत गडगडाट आला तर फोटो अर्धा राहिला तरी निघायचं. एकट्याने जायचं नाही. हा शेवटचा नियम बायकांनी केलेला. मी बटाट्याच्या वखारीतून निवृत्त झालो त्या दिवसापासून त्याच्याबरोबर जाणारा माणूस म्हणजे मी. मला फोटोतलं काही कळत नाही. मी खाण्याची पिशवी उचलायचो आणि त्याची थट्टा करायचो.

ही गोष्ट चार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टातली.

पहाटे चारला माझ्या पिकअपमधून निघालो. रस्ता संपतो तिथे गाडी लावली आणि चालत साडेसातला त्याच्या नेहमीच्या जागी, डोंगराच्या एका सोंडेवर पोचलो. समोर एल सोर्दो, म्हणजे बहिरा. जुन्या मेंढपाळांनी ठेवलेलं नाव. आसपासच्या सगळ्या डोंगरांवरून हाक परत येते, याच्यावरून येत नाही. त्याच्या आणि सोंडेच्या मध्ये खोलगट दरी आहे, तळाशी छोटं तळं. दगड भिरकावला तर पलीकडे पोचणार नाही, पण वारा बरोबर असेल तर हाक पोचेल एवढं अंतर. त्याच्या आमच्याकडच्या अंगावर दोन घळी आहेत. डावी घळ लांबवर उतरत तळ्यापर्यंत येते. उजवी वरून अगदी तशीच दिसते, पण अर्ध्यात कड्यावर संपते. खाली सरळ हवा.

त्या दिवशी आकाश सकाळपासूनच विचित्र होतं. एरवी ऑगस्टात सकाळ स्वच्छ असते आणि ढग दुपारी जमतात. त्या दिवशी आठ वाजताच पश्चिमेकडून ढग डोंगराला येऊन टेकले. एल सोर्दो दिसायचा, नाहीसा व्हायचा, कधी फक्त शेंडा दिसायचा, कधी फक्त पाय. फिडेन्सिओ ट्रायपॉडमागे उभा राहून थांबला. त्याचा चेहरा अशा वेळी दाढदुखीच्या माणसासारखा दिसतो.

मी वाऱ्याकडे पाठ करून दगडाआड बसलो आणि माझ्या बायकोने, बेनिल्डेने, बांधून दिलेला बीन्स-मिरचीचा बरीतो सोडला. तेवढ्यात ढग फाटले. मला ते नीट दिसलंही नाही, मी खात होतो. कॅमेऱ्याचा आवाज ऐकला फक्त. एक, मग दोन, मग थांबून आणखी. ऊन एका पट्ट्यात एल सोर्दोच्या अंगावरून सरकत गेलं असं तो नंतर सांगायचा. तीनचार मिनिटांचा खेळ. मग पडदा पडला.

लांब कुठेतरी गडगडलं. त्याचा हात लगेच पिशवीकडे गेला.

"साडूबुवा, खाणं आवर. निघू."

"नऊच तर वाजलेत. तुझे अकरा कुठे गेले?"

"अकरा मी ठरवलेत. ढगांना कुणी कळवलेत?"

"अर्धा बरीतो राहिलाय माझा."

"चालत खा. नाहीतर मी तुला इथेच सोडून जातो आणि बेनिल्डेला सांगतो, तो जेवत होता."

उतरलो. सोंडेवरून झाडांच्या हद्दीपर्यंत वीस मिनिटं लागतात. तिथे वाऱ्याने वाकवलेली बुटकी झाडं आहेत. त्यांच्यात शिरलो की त्याला जरा हायसं वाटतं. तो एका ओंडक्यावर बसला, कॅमेरा मांडीवर घेतला आणि पाठीमागच्या स्क्रीनवर फोटो मोठे करून बघू लागला. खूष होता. "ओनेसिमो," म्हणाला, "वीस वर्षांत असं ऊन मिळालं नव्हतं."

मग एका फोटोवर थांबला.

"हे काय आहे?" त्याने कॅमेरा माझ्यापुढे धरला.

दगड होते. राखाडी दगड, त्यात पांढऱ्या गारगोटीची एक रेघ. रेघेच्या वरच्या टोकापासून थोडा वर काहीतरी फिकट ठिपका.

"कागद असेल. कुणाची ताडपत्री उडाली असेल."

त्याने पुढचा फोटो लावला. तीच जागा. ठिपका थोडा वर. त्याच्या पुढचा. आता मलाही दिसलं. ठिपका म्हणजे तोंड होतं, आणि त्याच्या वर दुसरा ठिपका, तो हात होता. अंगावरचं जाकीट दगडाच्याच रंगाचं, म्हणून माणूस दिसत नव्हता. तिसऱ्यात हात वर. चौथ्यात खाली. पाचव्यात दोन्ही हात वर. नऊ फोटोंपैकी सातांत तो माणूस होता, आणि प्रत्येकात हाताची जागा वेगळी.

"हलवतोय," फिडेन्सिओ म्हणाला. "मी फोटो काढत होतो आणि तो हात हलवत होता."

मी खिशातून फोन काढला. रेंज नव्हती. तिथे कधीच नसते. गाडीपाशीही नसते, गाडीने पुढे पाऊण तास खाली यावं लागतं. रेंज येते ती त्या सोंडेच्या माथ्यावर, कारण तिथून खालचं खोरं उघडं दिसतं. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही ते बोलत नव्हतो.

"गाडीकडे जाऊ," मी म्हणालो. "दोन तासांत फोन लागेल."

"तो उजव्या घळीच्या तोंडाशी आहे." त्याने बोट गारगोटीच्या रेघेवर ठेवलं. "ही रेघ उजव्या घळीतच आहे. ढगात वाट चुकलाय. वरून त्याला वाटणार, उतरता येईल. दोन तासांत तो उतरायला लागेल, साडूबुवा. लागलाही असेल."

वीज चमकली. त्याने मोजलं नाही. मी मोजलं. बावीसला गडगडलं.

मी साठ वर्षांचा होतो, तो त्रेसष्टचा. खरं सांगतो, त्या क्षणी मला तो अनोळखी माणूस नकोसा झाला. वाटलं, फोटो मोठा करून पाहिलाच नसता तर. फिडेन्सिओ उठला, पण जागचा हलेना. त्याने ट्रायपॉड झाडाखाली ठेवला. कमरेचा पट्टा काढला, त्याचं बक्कल पितळी होतं. किल्ल्या काढल्या. सगळं नीट रचून ठेवलं, जणू आंघोळीला निघालाय.

"तू थांब इथे," तो म्हणाला. "फोन दे फक्त."

"तुला तो चालवता येतो का?"

"नाही."

"मग कशाला मागतोस. चल."

उतरताना वीस मिनिटं लागली होती, चढताना चाळीस लागली. मधेच ढगात शिरलो. आता एकमेकांची पाठही दिसेना. तो पुढे होता, मी त्याच्या बुटांच्या आवाजामागून जात होतो. आवाज थांबला की मीही थांबायचो. एकदा तो बराच वेळ थांबला. जवळ गेलो तर दगडाला कपाळ टेकून उभा होता. थोड्या वेळाने बूट पुन्हा वाजू लागले.

माथ्यावर फोनला रेंजची एक रेघ आली. बचाव पथकाची प्रमुख रमोना किंताना, एरवी आमच्या टपालखान्यात खिडकीवर बसते. ती लहान असल्यापासून मी तिला ओळखतो, थेट तिलाच फोन लावला.

"काका, तुम्ही या हवेत वर काय करताय?"

"ते मग विचार. एल सोर्दोच्या उजव्या घळीत माणूस अडकलाय."

"उजवी कुठून? वरून की समोरून?"

इथेच सगळं चुकू शकलं असतं. वरून बघणाऱ्याची उजवी समोरून बघणाऱ्याची डावी. फिडेन्सिओने कॅमेऱ्याची स्क्रीन माझ्यापुढे धरली, मी फोनने त्या स्क्रीनचा फोटो काढला आणि रमोनाला पाठवला. तो जायला चार मिनिटं लागली. चार मिनिटं आम्ही त्या उघड्या माथ्यावर हात आभाळाकडे करून फोन धरून होतो. मग तिचा आवाज आला. "गारगोटी दिसली. समजलं. आम्ही पलीकडून धारेवर चढतो. चार तास तरी लागतील. काका, तुम्ही ताबडतोब खाली उतरा."

"हो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"खाली उतरा म्हणाली."

फिडेन्सिओने मान हलवली, आणि तोंडाभोवती हात धरून एल सोर्दोकडे ओरडला, माणूस बाहेरचा असणार म्हणून इंग्रजीत. त्याचं इंग्रजी रस्त्याच्या खात्यातलं, त्यात थांबा, मागे फिरा, पुढे रस्ता बंद एवढं अगदी पक्कं आहे. "थांबा! पुढे रस्ता नाही! उतरू नका!"

ढगाने आवाज गिळला. वारा आमच्याकडून तिकडे वाहत होता. तो पुन्हा ओरडला. पाच वेळा, सहा वेळा. काही नाही. मी म्हणालो, तो बहिरा डोंगर आहे, चल आता. आणि तेवढ्यात समोरून बारीक आवाज आला. शिट्टी. पाठीवरच्या पिशवीच्या पट्ट्याला प्लास्टिकची असते तशी. वारा उलटा असला तरी शिट्टी चिरत येते.

फिडेन्सिओ ओरडला, "हो असेल तर एक शिट्टी! नाही असेल तर दोन! कळलं?"

एक शिट्टी.

"तुमच्या शेजारी पांढरा दगड आहे? पांढरी रेघ?"

एक.

"तुमच्या डोक्याच्या वर आहे ती?"

जरा वेळाने एक. फिडेन्सिओने माझ्याकडे पाहिलं. फोटोत रेघेचं टोक त्या माणसाच्या पायाशी होतं. म्हणजे तो उतरायला लागला होता.

"मागे वर जा!"

दोन शिट्ट्या.

"वर जाता येत नाही?"

एक.

गारा सुरू झाल्या. हरभऱ्याएवढ्या, मग बोराएवढ्या. फिडेन्सिओ जाकिटाच्या आत कॅमेरा धरून, त्यात डोकं खुपसून फोटो मोठा करत होता. ती जागा त्याने वीस वर्षं समोरून पाहिली होती, पण डोंगर म्हणून. आता त्याला एकेक दगड पाहिजे होता. ते पांघरुणाखाली बसलेल्या मुलासारखं दिसत होतं आणि मला हसू आलं, भीतीने येतं तसलं. मग त्याने डोकं बाहेर काढलं.

"तुमच्या उजव्या हाताला! तोंड दगडाकडे करून उजव्या हाताला! छातीएवढ्या उंचीवर एक ओटा आहे, सपाट! तिथे जा!"

उत्तर नाही.

त्याच वेळी मला तो आवाज ऐकू आला. दगडातून येत होता. मधाच्या पोळ्याशेजारी उभं राहिल्यावर येतो तसा, बारीक गुणगुणणारा. माझ्या हातावरचे केस ताठ झाले. फिडेन्सिओच्या टोपीखालून बाहेर आलेले पांढरे केस सरळ उभे होते. त्याने माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी विसरणार नाही. नऊ वर्षांच्या पोराचा चेहरा होता.

"बस," तो म्हणाला. "पाय जुळव. हात टेकू नको."

आम्ही उकिडवे बसलो. पांढरं झालं सगळं. आवाज मला आठवत नाही. जमिनीने मला लाथ मारली एवढं आठवतं. मी कुशीवर पडलो होतो आणि उजवा पाय माझा नव्हता, लाकडाचा होता. हवेत फटाक्याच्या दारूसारखा वास. वीज सोंडेच्या टोकाला पडली होती, पन्नास पावलांवर. फिडेन्सिओ गुडघ्यांवर होता. त्याचं तोंड हलत होतं. मला काहीच ऐकू येत नव्हतं. हळूहळू कळलं, तो रडत होता आणि ओरडत होता, दोन्ही एकदमच. ओरडत होता, "ओटा! उजव्या हाताला! ऐकताय का?"

मी सरपटत जाऊन त्याचं जाकीट धरलं. "फिडे, मरू आपण इथे. जेवढं सांगायचं तेवढं सांगितलंस. चल."

"उत्तर नाही आलं."

"येणार नाही आता."

"मग मी जाऊ कसा?" तो म्हणाला. "एकदा गेलो ना."

मी त्याला ओढलं. त्याने माझा हात झटकला, आयुष्यात पहिल्यांदा. आणि पुन्हा ओरडला. सगळं अंग कापत होतं आणि आवाज मात्र बाहेर पडत होता. किती वेळ, सांगता येत नाही. पाच मिनिटं असतील, पंधरा असतील. दुसरी वीज एल सोर्दोच्या शेंड्यावर पडली, ढगाच्या आतून. तिसरी पलीकडे. मग एक शिट्टी आली. एकच, लांब.

"ओट्यावर आहात?"

एक.

"भिंतीला टेकू नका! पिशवीवर बसा, पाय जुळवून! मदत येतेय! वरून येणार! तुम्ही हलू नका!"

एक.

त्यानंतर आम्ही सोंडेच्या अलीकडच्या अंगाला, माथ्यापासून थोडं खाली, दोन ठेंगण्या दगडांमध्ये सरकलो. गडगडाट पूर्वेकडे गेला. ढग गेला नाही. दर दहा मिनिटांनी फिडेन्सिओ माथ्यावर चढायचा, ओरडायचा, शिट्टी ऐकायचा आणि खाली यायचा. प्रत्येक वेळी उठायच्या आधी हाताची मूठ आवळून काहीतरी पुटपुटायचा. मला वाटलं प्रार्थना. जवळ कान नेला तर तो मोजत होता. तीसपर्यंत मोजायचा आणि उठायचा. एकदा शिट्टी यायला उशीर झाला, तेव्हा त्याने माझ्या दंडाला एवढं घट्ट धरलं की आठवडाभर वळ होते.

चारच्या सुमाराला ढगातून माणसांचे आवाज आले. रमोनाचे लोक दोर लावून वरून उतरले. ओट्यावरून त्यांनी तिला वर घेतलं. हो, ती बाई होती. जोलीन श्रेडर, कॅन्ससची, वय सेहेचाळीस, तिकडे एका दातांच्या डॉक्टरांकडे काम करणारी. मनगट मोडलं होतं, अंग गारठून निळं पडलं होतं. बाकी धड होती. घळीतला ओटा जिथे होता तिथून पंधरा हात खाली कडा सुरू होतो, असं रमोना म्हणाली. "काका, पंधरा हात."

गाडीच्या तळावर आम्ही तिला भेटलो. ती घोंगड्यात गुंडाळून रुग्णवाहिकेच्या पायरीवर बसली होती. रमोनाने सांगितलं, हेच ते दोघं. फिडेन्सिओ टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"सकाळी ढग उघडले तेव्हा मी तुम्हाला पाहिलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही तिथे स्टँडपाशी उभे होता. मी हात हलवले. ओरडले. तुम्ही माझ्याकडेच बघत होता."

"मला दिसला नाहीत तुम्ही."

"मग तुम्ही सामान आवरून निघून गेलात. मला वाटलं, खाली जायची वाट सोपी असेल, म्हणूनच हा माणूस न थांबता गेला. म्हणून मी उतरायला लागले."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. उलट तिने चांगल्या हाताने त्याचा हात धरला होता, आणि पुढेही खूप काही बोलली, आभाराचं. पण फिडेन्सिओने त्यापुढचं काही ऐकलं नसावं. घरी येताना पिकअपमध्ये तो एकच वाक्य बोलला. "ऊन बघत होतो मी, साडूबुवा."

गावात आम्ही एकदम मोठी माणसं झालो. पाद्रीबाबांनी रविवारी प्रवचनात नाव घेतलं, पेंडीच्या दुकानदाराने फिडेन्सिओला 'वीज पचवलेला' म्हणायला सुरुवात केली. तो हसायचा नाही. त्या दिवसापासून त्याच्या डाव्या कानात सतत आवाज येतो, ते त्याने कुणाला सांगितलंही नाही, एलोइसाला कळलं ते तो टीव्ही मोठा लावायला लागला म्हणून. त्या हिवाळ्यात चर्चच्या कॅलेंडरसाठी फोटो मागितले, तर जुनेच दिले. त्या नऊपैकी एखादा दे, असं सगळे म्हणाले. खरोखर सुंदर होते ते. पट्ट्यातलं ऊन, खाली काळं तळं. त्याने दिले नाहीत. "त्यात बाई आहे," म्हणाला. जोलीनने पत्र लिहून एक मागितला तेव्हा मात्र तिला पाठवला, पाचवा, दोन्ही हात वर असलेला. तिने तो घरात लावला की कपाटात ठेवला, माहीत नाही.

खरी भीती मग सुरू झाली, आणि ती विजेची नव्हती. मार्चमध्ये एलोइसाचा मला फोन आला. म्हणाली, "भावोजी, जरा येऊन बघा. दिवसदिवस खोलीतून बाहेर येत नाही."

मी गेलो तेव्हा तो कॉम्प्युटरसमोर बसला होता. वीस वर्षांचे फोटो, अकरा हजारांच्या वर. प्रत्येक मोठा करायचा, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू करायचं, पट्टी-पट्टीने खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत यायचं. एका फोटोला सहासात मिनिटं. शेजारी वही, त्यात लिहिलेलं. हरणी. ताडपत्री. दगड. दगड. गाय. दगड.

"काय शोधतोस?"

"कुणी नाही ना, ते बघतोय."

खुर्ची ओढून शेजारी बसलो. दोघांनी मिळून बघितलं तर लवकर होईल म्हणून रोज दुपारी जेवणानंतर जाऊ लागलो. सांगतो, ते काम माणसाला पोखरतं. थोड्या दिवसांनी प्रत्येक सावलीला तोंड फुटतं. घरी येऊन बेनिल्डेच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या ओलीतही मला वर केलेला हात दिसायचा.

मे महिन्यात एक सापडला. सहा वर्षांपूर्वीचा फोटो, एल सोर्दोपासून दोन डोंगर उत्तरेला, ढगाच्या किनारीला लागून सुट्या दगडांच्या घसाऱ्यावर एक नारिंगी ठिपका. त्या दिवशीचा हा एकच फोटो होता. हललं की नाही, कळायला दुसरा नाही. फिडेन्सिओ त्या ठिपक्याकडे दोन तास बघत बसला. रमोनाला विचारलं. तिने जुन्या नोंदी काढून सांगितलं, त्या उन्हाळ्यात तिकडे कुणीही हरवल्याचं कळवलेलं नाही.

"कुणी कळवलं नाही," फिडेन्सिओ म्हणाला. "म्हणजे कुणी नव्हतं असं होतं का?"

बर्फ वितळायची वाट पाहून जुलैत आम्ही तिघं गेलो, रमोना, तो आणि मी. सकाळी ढग होते. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण चालत राहिला. फोटोची छापील प्रत हातात धरून, एकेक दगड जुळवत, तो आम्हाला त्या घसाऱ्यावर घेऊन गेला. शेवटची शंभर पावलं मी मुद्दाम मागे राहिलो. काय दिसेल ते मला आधी बघायचं नव्हतं.

मोजणीवाल्यांनी ठोकलेली लाकडी खुंटी होती. तिला नारिंगी फीत, उन्हाने विटलेली, गाठीशी अजून रंग टिकलेला. फिडेन्सिओ तिच्यासमोर वाकला, फीत बोटांत धरली, सोडवली, पुन्हा फोटोशी लावून पाहिली. रमोना त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "काका, फीत आहे. नुसती फीत."

"हो," तो म्हणाला.

त्या आठवड्यात तो नीट झोपला, असं एलोइसा म्हणाली. पुढच्या सोमवारी जेवण झाल्यावर मी गेलो तर माझ्यासाठी शेजारी खुर्ची ओढून ठेवली होती. दोन हजारांच्या वर फोटो बघायचे राहिले होते.